फेदर दिलं तर पांढरी रेघ, नाही दिलं तर कात्रीने कापल्यासारखं, नक्की किती द्यायचं?

निळीशाई

नमस्कार मंडळी, दोन रात्री याच्यावरच गेल्यात म्हणून शेवटी इथे विचारतेय. आजीचा एक फोटो आहे, फोनवर काढलेला, उभा, ३००० बाय ४०००, मागे पांढरी भिंत. आजी आता नाहीये आणि तिचा मोकळं हसतानाचा एवढा एकच फोटो आमच्याकडे आहे, त्यामुळे तो मोठा प्रिंट करायचाय, उंची साधारण १८ इंच, आणि मागची भिंत काढून तिथे गडद, जवळजवळ काळं बॅकग्राउंड टाकायचं असं मनात आहे. फोटोशॉप वापरते, शिकायला लागून सहा महिने झाले.

काय केलं ते सांगते. क्विक सिलेक्शनने आजीला सिलेक्ट केलं, मग इन्व्हर्स (म्हणजे आजी सोडून बाकी सगळं सिलेक्ट), मग फेदर (सिलेक्शनची कड मऊ करणं) ५ कारण एका व्हिडिओत ५ सांगितलं होतं, मग डिलीट. खाली काळा लेयर टाकला तर आजीच्या भोवती पांढरट रेघ, कानाजवळ आणि खांद्यावर तर इतकी उठून दिसते की मागून कोणी ट्यूबलाइट धरलीये असं वाटावं. मग वाटलं अजून मऊ करायला पाहिजे म्हणून डिलीट परत दाबलं, दोनदा, तर रेघ कमी झाली पण चष्म्याची दांडी बारीक होत गेली आणि कपाळावरच्या बटा गेल्याच. फेदर ० करून बघितलं तर आजी कागदातून कापून चिकटवल्यासारखी दिसते. १५ दिलं तर धुक्यात बसल्यासारखी. चष्म्याची दांडी वेगळी सिलेक्ट करून २० दिलं तेव्हा एक मेसेज आला की कुठलाच पिक्सेल ५० टक्क्यांपेक्षा जास्त सिलेक्ट झालेला नाही म्हणून कडा दिसणार नाही, तो काही कळला नाही.

आकडा नेमका किती द्यायचा असतो? आणि ती पांढरी रेघ फेदरमुळेच येते की दुसऱ्या कशामुळे? आजीचे केस पांढरे आहेत आणि अंगात गडद निळा स्वेटर आहे, हेही सांगून ठेवते.

तिरपीरेघ

आधी सिलेक्शन १-२ पिक्सेल आत घ्या, सिलेक्ट मेनूत मॉडिफाय आणि त्यात कॉन्ट्रॅक्ट, आणि मग फेदर १. बहुतेक रेघ तिथेच जाईल. आणि डिलीट करूच नका, मास्क लावा, म्हणजे नको तो भाग पुसला न जाता फक्त झाकला जातो.

जुनाफिल्मरोल

तिरपीरेघ यांनी सांगितलंय ते बरोबरच आहे पण ताईंनी "का" विचारलंय म्हणून जरा लांबण लावतो.

सिलेक्शन म्हणजे ती पळणारी तुटक रेघ नव्हे. सिलेक्शन म्हणजे तुमच्या फोटोएवढंच एक काळंपांढरं चित्र असतं, पांढरं म्हणजे पूर्ण सिलेक्ट, काळं म्हणजे अजिबात नाही, आणि मधे करड्याच्या छटा, आठ बिटच्या फाइलमध्ये ० ते २५५. फेदर म्हणजे हे चित्र ब्लर करणं, बाकी काही नाही. क्यू दाबून क्विक मास्कमध्ये जा म्हणजे लाल रंगात ते समोर दिसेल. (तो रंग लालच का, तर छपाईच्या कामात पूर्वी रुबिलिथ नावाची लाल फिल्म हाताने कापून मास्क करायचे, तिथून तो आलाय.) तुटक रेघ फक्त ५० टक्के जिथे असतात तिथून काढली जाते, त्यामुळे फेदर २ दिलं काय आणि २० दिलं काय, रेघेकडे बघून कडेबद्दल काहीच कळत नाही. रेघेवर विश्वास ठेवू नका, क्यू दाबत जा.

आता ब्लर म्हटल्यावर तो दोन्ही बाजूंना पसरणार. सरळ कडेवर जिथे तुमची मूळ रेघ होती तिथे बरोबर ५० टक्के उरतात, आतल्या बाजूला हळूहळू वाढत १०० होतात, बाहेर कमी होत ० होतात. म्हणजे फेदर दिलंत की तुम्ही भिंतीचा थोडा भाग आजीबरोबर आत ओढून घेताय. ती तुमची रेघ. पूर्ण रेघ त्यानेच येते असं नाही, त्याचं खाली लिहितो, पण ५ मध्ये मोठा वाटा त्याचाच आहे. म्हणूनच आधी आत घ्यायचं आणि मग फेदर करायचं, म्हणजे बाहेर पसरलेला भाग फिरून आजीच्याच कडेवर येतो.

आणि ५ म्हणजे ५ पिक्सेलचा पट्टा नाही बरं का. तो रेडियस आहे, डोळ्याला दिसणारा मऊ पट्टा साधारण त्याच्या चौपट होतो, निम्मा आत निम्मा बाहेर. तुमच्या प्रिंटचं गणित करून बघा, ४००० पिक्सेल १८ इंचात म्हणजे इंचाला सव्वादोनशेच्या आसपास. फेदर १५ चा पट्टा ६० पिक्सेल, म्हणजे कागदावर जवळजवळ ७ मिलिमीटर. चेहऱ्याभोवती ७ मिलिमीटरची कड विरघळलेली असेल तर धुकंच दिसणार. ५ चा सुद्धा २ मिलिमीटरच्या वर जातो. त्या व्हिडिओतला फोटो कदाचित हजार पिक्सेलचा असेल, तुमचा चार हजारांचा आहे, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलून काही उपयोग नाही, तो आकडा त्या फोटोच्या मापाला बांधलेला असतो.

दोनदा डिलीटचं. ५० टक्के सिलेक्ट असलेला पिक्सेल एकदा डिलीट केला की निम्मा उरतो, परत केला की पाव, परत केला की आठवा हिस्सा. कड मऊ होत नाही, आत सरकत जाते आणि बारीक गोष्टी खात जाते. चष्म्याची दांडी अशीच गेली. आणि तो मेसेजही त्याच दांडीचा भाऊ आहे, दांडी समजा १४ पिक्सेल रुंद आहे, तिला २० चा ब्लर दिला तर ती इतकी पातळ पसरते की अगदी मधोमधसुद्धा २५-३० टक्केच उरतात, ५० ला काही पोचत नाही, मग फोटोशॉप म्हणतं की रेघ दाखवायला मला जागाच नाही. सिलेक्शन गेलेलं नसतं, फक्त अर्ध्याच्या खाली आलेलं असतं. कोपऱ्यांचंही तसंच, सरळ कडेवर ५० उरतात पण काटकोनाच्या टोकावर २५ च, म्हणून फेदर केलेला चौकोन कोपऱ्यांत गोल दिसतो.

आता आकडा. आकडा बाहेरून आणायचाच नाही, तुमच्या फोटोतच तो लिहिलेला असतो. ४०० टक्के झूम करा आणि भिंत न काढलेल्या मूळ फोटोत एक स्वच्छ फोकसमधली कड शोधा, चष्म्याची फ्रेम आणि भिंत चालेल. फ्रेमचा गडद रंग संपून भिंतीचा पांढरा सुरू होईपर्यंत मधे किती पिक्सेल लागतात ते मोजा. नीट फोकसमध्ये दोनतीन लागतील. मग खांद्याच्या कडेवर मोजा, तिथे जास्त लागतील कारण खांदा फोकसच्या मागे असतो. लेन्सने जेवढी कड मऊ केलीये तेवढीच तुम्ही करायची, ना कमी ना जास्त. पट्टा ३ पिक्सेलचा असेल तर फेदर साधारण पाऊण, ०.७ वगैरे, दशांश चालतो तिथे. आणि सगळीकडे एकच आकडा हे मुळातच चुकतं, फोटोत कुठलीच दोन ठिकाणं सारखी मऊ नसतात.

निळीशाई

किती शांतपणे लिहिलंत, मनापासून आभार. मी आत्ता मोजलं, चष्म्याच्या फ्रेमला ३ पिक्सेल, गालाला ४-५, आणि खांद्याला ११ आले! मला कधी वाटलंच नव्हतं की हे मोजता येतं. म्हणजे आता चेहऱ्याला वेगळं आणि खांद्याला वेगळं फेदर द्यायचं का, पण सिलेक्शन तर एकच आहे ना, त्याचे दोन भाग कसे करायचे?

तिरपीरेघ

मास्कवर करा ताई, म्हणूनच डिलीट नको म्हटलं होतं. सिलेक्शन धारदार ठेवा, फेदर ०, मास्क लावा. मग मास्कच्या चौकटीवर क्लिक करून ब्लर टूल घ्या (थेंबाचं चित्र असतं ते) आणि फक्त खांद्याच्या कडेवरून दोनचार वेळा फिरवा. ऑल्ट धरून मास्कच्या चौकटीवर क्लिक केलं की मास्क काळापांढरा पूर्ण स्क्रीनवर दिसतो, तिथे बघत बघत करा. हात जास्त फिरला तर मागे येता येतं, मूळ फोटो जसाच्या तसा शाबूत राहतो.

दुसरी पद्धत म्हणजे मास्क सिलेक्ट असताना प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये फेदरचा स्लायडर असतो तो. तो कधीही बदलता येतो, उद्या उघडून ० केला तरी मूळ मास्क आहे तसा मिळतो, पण तो पूर्ण मास्कला एकच आकडा देतो. मी चेहऱ्यासाठी तो ०.७ च्या आसपास ठेवून खांदा तेवढा ब्लर टूलने करीन.

पिक्सेलवाली

कडेचं झालं आता केसांचं बोलूया कारण खरी अडचण तिथेच आहे. पांढरे केस, पांढरी भिंत. सिलेक्ट अँड मास्क उघडून (ऑल्ट कंट्रोल आर) रिफाइन एज ब्रशने केसांवरून फिरवायचं असं सगळीकडे सांगतात, आणि काळे केस असते तर मीही तेच सांगितलं असतं, पण तो ब्रश केस आणि मागचा रंग यांच्यातल्या फरकावर चालतो, इथे फरकच नाही तर तो बिचारा ओळखणार काय. (जुन्या व्हिडिओंमध्ये रिफाइन एज नावाची खिडकी दिसेल, २०१६ पासून तिच्या जागी सिलेक्ट अँड मास्क आलंय, गोंधळू नका.)

पण यात एक चांगली बाजू आहे. पांढरी रेघ केसांना त्रास देत नाही! केस पांढरेच आहेत, त्यांच्या टोकाला भिंतीचा पांढरा मिसळला तरी गडद बॅकग्राउंडवर ते पांढऱ्या केसांसारखंच दिसतं. त्रास कान, मान आणि स्वेटरला आहे. म्हणजे केसांच्या भागात सिलेक्शन आत घ्यायची गरज नाही, उलट थोडं सैल ठेवा आणि जरा जास्त मऊ, आणि स्वेटरच्या भागात घट्ट आत घ्या. मग बाहेर आलेल्या चारपाच बटा हाताने काढायच्या. नवीन लेयर, २-३ पिक्सेलचा ब्रश, केसातलाच रंग ऑल्ट दाबून उचलायचा, आणि मुळापासून टोकाकडे एका झटक्यात. सावकाश काढलेली बट वाकडी येते, झटक्यात काढलेली खरी वाटते. पंधरावीस बटा पुरतात, मी पूर्वी शंभर काढत बसायचे आणि मग विगसारखं दिसायचं.

आणि जुनाफिल्मरोल दादांनी "खाली लिहितो" म्हणून लिहायचं राहिलंय ते मी लिहिते. रेघेचा दुसरा वाटा फेदरचा नाहीच. स्वेटरच्या कडेवरचा जो पिक्सेल आहे त्यात कॅमेऱ्यानेच निळा आणि पांढरा मिसळून ठेवलाय, अर्धा स्वेटर अर्धी भिंत. तुम्ही तो कितीही अचूक कापा, त्याचा रंग आधीच फिकट आहे. अशा पिक्सेलला पारदर्शक करून भागत नाही, त्याचा रंग बदलावा लागतो. सिलेक्ट अँड मास्कमध्ये खाली डीकंटॅमिनेट कलर्स म्हणून टिक आहे, ती तेच करते, कडेच्या पिक्सेलमध्ये आतला रंग भरते.

जुनाफिल्मरोल

राहिलं होतं खरं, धन्यवाद. पण डीकंटॅमिनेटबद्दल माझं मत वेगळं आहे. ते पिक्सेलचे रंग खरोखर बदलून टाकतं म्हणून तर आउटपुट नवीन लेयरवर घ्यावं लागतं, आणि नंतर मास्क बाहेर सरकवायचा म्हटलं तर कडेला विचित्र रंगाचे ओघळ सापडतात. चेहऱ्याच्या कडेला तर मी ते कधीच वापरत नाही, गालाचा रंग कानावर आणि कानाचा केसात जातो. आजीचा फोटो आहे, तिथे चेहऱ्यातला एक पिक्सेलही सॉफ्टवेअरच्या अंदाजावर सोडू नये असं मला वाटतं.

माझी पद्धत हळू आहे पण हातात राहते. आजीच्या लेयरवर नवीन रिकामा लेयर घ्या, ऑल्ट कंट्रोल जी ने तो खालच्या लेयरला क्लिप करा, म्हणजे त्यावर काहीही रंगवलं तरी आजीच्या बाहेर जात नाही. त्या लेयरचा मोड डार्कन करा, मऊ ब्रश घ्या, आणि स्वेटरच्या कडेच्या आतून, पाचसहा पिक्सेल आतून, रंग उचलून कडेवरून हलकेच ओढा. डार्कन असल्यामुळे फक्त फिकट पिक्सेल बदलतात, गडद विणकाम तसंच राहतं. दर इंच दोन इंचावर रंग नव्याने उचला, एकाच निळ्याने सगळं रंगवलं तर बॉर्डर मारल्यासारखं होतं. तुमच्या फोटोत कानमान आणि दोन खांदे मिळून अर्ध्या तासाचं काम आहे.

पिक्सेलवाली

चेहऱ्यापुरतं मान्य. स्वेटरला मात्र मी डीकंटॅमिनेट वापरून लेयर वेगळा ठेवीन आणि चेहरा मूळ लेयरवरून घेईन, दोन लेयर दोन मास्क. ज्याचा हात ब्रशवर बसलेला नाही त्याला डार्कनने रंगवताना खांद्यावर डाग पडतात हे मी शिकवताना पुष्कळदा बघितलंय.

गिंपकर

इथे सगळे फोटोशॉपचे आहेत पण वाचणाऱ्यांत गिंपवालेही (फोटोशॉपसारखंच फुकट सॉफ्टवेअर) असतील म्हणून लिहितो, तत्त्व तेच आहे फक्त नावं वेगळी. सिलेक्ट मेनूत फेदर, आत घ्यायला श्रिंक, आणि एक शार्पन म्हणून आहे ते सिलेक्शनची मऊ कड काढून परत धारदार करतं, चुकून जास्त फेदर झालं असेल तर कामाला येतं पण गोल झालेले कोपरे काही त्याने परत येत नाहीत. क्विक मास्कला शिफ्ट क्यू. डिलीट केल्यावर पारदर्शक न होता बॅकग्राउंडचा रंग येत असेल तर लेयरला अल्फा चॅनेल (पारदर्शकता साठवणारा भाग) नाहीये, लेयर मेनूत ट्रान्स्परन्सीमध्ये जाऊन तो घाला. पण इथेही मी मास्कच सांगीन, ॲड लेयर मास्क, त्यात सिलेक्शन निवडा, आणि मास्कवर गॉशियन ब्लर द्या.

एक गोष्ट कोणी बोललं नाही. आजी खाली फोटोच्या कडेपर्यंत असणार ना, म्हणजे छातीपर्यंतचा फोटो असेल तर स्वेटर फोटोच्या खालच्या कडेला जाऊन कापला जातो. फेदर करताना ती कडसुद्धा मऊ होऊ शकते आणि मग प्रिंटमध्ये तळाला एक पुसट पट्टी येते, स्क्रीनवर लक्षातही येत नाही. गिंपमध्ये फेदरच्या खिडकीत सिलेक्शन चित्राच्या बाहेरही चालू आहे असं धरण्याची टिक असते, ती लावा.

तिरपीरेघ

बरोबर, फोटोशॉपलाही तसंच आहे, फेदरच्या खिडकीत ॲप्लाय इफेक्ट ॲट कॅनव्हास बाउंड्स अशी टिक असते, ती लावलेली नसली की तळाची कड तशीच राहते. गिंपमध्ये लावायची, इथे लावायची नाही, उलटं आहे. जुन्या व्हर्जनला ही टिक नाही.

चौकटराजा

मधेच विचारतो, माझा प्रश्न छोटा आहे. कालपासून मी रेक्टँग्युलर मार्कीने चौकोन काढतो तर त्याचे कोपरे आपोआप गोल येतात आणि कॉपी केलेलं कडेला पुसट. फेदर मी दिलेलंच नाही. मेनूत जाऊन बघितलं तर तिथेही काही नाही.

तिरपीरेघ

वरच्या पट्टीत बघा, टूल घेतल्यावर मेनूच्या खाली जी पट्टी येते तिथे फेदरची चौकट असते. कधीतरी तिथे १०-२० टाकलं गेलं असेल, ते तसंच राहतं, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं तरी. ० करा. लासोचीही (हाताने मोकळं सिलेक्शन काढायचं टूल) एकदा बघून घ्या.

यावरून ताईंनाही सांगतो, त्या पट्टीतलं फेदर कधी वापरू नका. ते सिलेक्शन काढायच्या आधी द्यावं लागतं, नंतर बदललं तर आधीच्या सिलेक्शनवर काही होत नाही आणि माणूस विचार करत बसतो. मॅजिक वाँड आणि क्विक सिलेक्शनला ती चौकटच नाही.

चौकटराजा

१२ होतं तिथे! गेलं, धन्यवाद. मग त्या पट्टीत अँटी एलियस म्हणून आहे तेही काढून टाकू का, तेही कड मऊच करतं ना?

जुनाफिल्मरोल

नाही, ते राहू द्या. अँटी एलियस फक्त एका पिक्सेलच्या पायऱ्या घासून गुळगुळीत करतं, तिरप्या आणि गोल कडेला जिने दिसू नयेत म्हणून. त्याने सिलेक्शन पसरत नाही. काढलं तर प्रत्येक पिक्सेल एकतर पूर्ण घेतला जाईल नाहीतर अजिबात नाही, पिक्सेल आर्ट करत असाल तरच तसं हवं.

फेदरबद्दल एकच राहून राहून सांगावंसं वाटतं की ते मुळात कापून काढण्यासाठी फार कामाचं नाही, ते उजेडाच्या कामाचं आहे. मी डार्करूममध्ये शिकलो. एन्लार्जरखाली (फिल्मवरचं चित्र कागदावर मोठं पाडणारं यंत्र) चेहरा थोडा उजळ ठेवायचा असला की तारेला पुठ्ठ्याचा तुकडा लावून चेहऱ्यावर काही सेकंद सावली धरायची, आणि तो तुकडा सतत हलवत ठेवायचा. हात थांबला की कागदावर पुठ्ठ्याची कड उमटली. तुकडा कागदापासून जेवढा वर तेवढी सावलीची कड मऊ. फेदरचा स्लायडर ओढताना मला अजूनही तो तुकडा वर खाली केल्यासारखंच वाटतं. तर ताई, आजीचा चेहरा जरा उजळायचा असेल तर लासोने ढोबळ गोल काढा, कर्व्हजचा (उजेड कमीजास्त करणारा) ॲडजस्टमेंट लेयर घ्या म्हणजे मास्क आपोआप येईल, आणि त्या मास्कला प्रॉपर्टीजमधून फेदर १५०-२०० द्या, बिनधास्त. तिथे कड कुठे संपते हे कोणालाच दिसता कामा नये. कापताना ०.७ आणि उजेडाला २००, स्लायडर एकच आहे.

आणि अजून एक सुचवतो, पटलं तर बघा. बॅकग्राउंड काळंच का? आजीवर पडलेला उजेड पांढऱ्या भिंतीवरून परतून आलेला आहे, गालाच्या कडेला, कानामागे, सगळीकडे तो सौम्य उजेड आहे. काळ्यावर ठेवलं की कड कितीही सुंदर केली तरी डोळ्याला खटकतं की हा उजेड येतोय कुठून. मधला करडा घ्या, किंवा स्वेटरच्याच निळ्याचा फिकट करडा, चेहऱ्यामागे थोडा उजळ आणि कोपऱ्यांकडे गडद होत जाणारा. उरलेली जी काही रेघ असेल ती त्यात विरून जाईल आणि अर्ध्या तासाचं रंगकाम दहा मिनिटांवर येईल. फक्त तो ग्रेडियंट फार गुळगुळीत ठेवू नका, त्यावर नॉइज अगदी थोडा द्या, १-२ टक्के, नाहीतर प्रिंटमध्ये पट्टे दिसतात आणि फोनच्या फोटोच्या दाण्यापुढे मागचं फार स्वच्छ वाटतं.

पिक्सेलवाली

हे बॅकग्राउंडचं अगदी पटलं. मी पांढऱ्या भिंतीवरचे फोटो शक्यतो गडदावर नेतच नाही. फिकट करड्यावर केसांसाठी अजून एक होईल, तेवढ्या भागात मूळ फोटोचीच कॉपी वर ठेवून मल्टिप्लाय मोड द्या. भिंत पूर्ण पांढरी असेल तर मल्टिप्लायमध्ये ती नाहीशी होते आणि बटांमधल्या सावल्या तेवढ्या उरतात, त्यामुळे बटा खऱ्याच राहतात, काढायला लागत नाहीत. भिंतीवर सावली असेल तर आधी लेव्हल्सने भिंत पांढरी करून घ्या, फक्त त्या कॉपीवर.

निळीशाई

तीन दिवसांनी लिहितेय. झालं!! काळं सोडून दिलं, निळसर करडा घेतला, चेहऱ्यामागे उजळ. चेहऱ्याला ०.८, खांद्यांना ब्लर टूल, स्वेटरला डार्कनने रंगवलं, डावा खांदा दोनदा करावा लागला कारण पहिल्यांदा एकाच रंगाने ओढत गेले आणि खरंच बॉर्डर मारल्यासारखं झालं. केसांना मल्टिप्लाय, तिथे कपाळावरची ती बट जी मी आधी डिलीट करून घालवली होती ती जशीच्या तशी परत आली, आईला दाखवलं तर तिने आधी बटेकडेच बोट दाखवलं. खालच्या कडेची टिकही तपासली.

एकच विचारायचंय, प्रिंटला देताना जेपीजी दिलं तर कड बिघडेल का? पीएनजी म्हणतात चांगलं.

तिरपीरेघ

बॅकग्राउंड टाकून सगळं एकत्र झालंय ना, मग जेपीजी जास्तीत जास्त क्वालिटीला दिलं तरी चालेल. पीएनजी कधी लागतं, तर बॅकग्राउंड रिकामं ठेवून नुसती आजी कापलेली द्यायची असेल तेव्हा, कारण जेपीजीत पारदर्शकता राहतच नाही, रिकामी जागा पांढरी होते आणि तुमची सगळी मऊ कड परत पांढऱ्यावर बसते. पीएसडी (फोटोशॉपची मूळ फाइल) मात्र लेयर आणि मास्कसकट जपून ठेवा, दोन ठिकाणी.

जुनाफिल्मरोल

आणि पूर्ण प्रिंट काढायच्या आधी चेहरा आणि डाव्या खांद्याचा तेवढाच तुकडा, १८ इंचाच्याच मापाने, छोट्या कागदावर काढून घ्या. स्क्रीनवर ४०० टक्क्यांनी जे खटकतं त्यातलं बरंचसं कागदावर दिसतही नाही, ३ पिक्सेल म्हणजे जेमतेम मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. आणि कधीकधी उलट होतं, स्क्रीनवर न दिसलेली खांद्याची रेघ कागदावर उजेडात चटकन दिसते. तुकडा हातभर लांब धरून बघा, आईंनाही दाखवा, त्यांचा डोळा आजींना ओळखतो.

निळीशाई

उद्याच काढते तुकडा.